मागच्या बाकाला प्रश्न कोण विचारणार?

ताई, नमस्कार.

यंदा जूनपासून मी बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून लागले आहे. सहावीचा वर्ग, ३४ मुलं. पहिल्याच दिवशी आधीच्या बाईंनी सात नावं लिहिलेला कागद हातात दिला. "ह्यांच्या मागं लागू नका, वर्ष वाया जाईल," म्हणाल्या. त्या सातांतले चौघे मागच्या बाकावर बसतात आणि तास चालू असताना नुसता धुडगूस घालतात. आश्चर्य म्हणजे दुपारी माध्यान्ह आहाराच्या वेळी हीच पोरं पहिली-दुसरीच्या मुलांना रांगेत बसवतात, ताटं वाटतात, तिथं कुणाला ओरडावं लागत नाही. सातांतली एक मुलगी तर शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तोंडच उघडत नाही. तिच्या घरी कन्नड बोलतात.

ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. त्यात हे पावसाचे दिवस. पत्र्यावर सर सुरू झाली की माझं मलाच ऐकू येत नाही. छडी घ्यायची नाही असं मी ठरवलंय, तर स्टाफरूममध्ये हसतात, "गणपतीपर्यंत बघू," म्हणतात. पालकसुद्धा येऊन सांगतात, "टीचर, दोन ठेवून द्या, आमची काय तक्रार नाही." बी.एड.ला शिकवलं होतं की मुलांकडून चांगल्या अपेक्षा ठेवा, मुलं तशी घडतात. पण सहावीत येऊनही ज्याला ५२ मधून २७ वजा करता येत नाहीत त्याच्याकडून मी कसली अपेक्षा ठेवू? उगीच "तू हुशार आहेस" म्हणायचं का? आणि आधी काय करू? वर्ग ताब्यात आणू, की अपेक्षांचं बघू?

एक अतिथी शिक्षिका

प्रिय टीचर,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही "आश्चर्य म्हणजे" म्हणून जाता जाता लिहून टाकलंय. जी पोरं तासाला धुडगूस घालतात तीच पोरं जेवणाच्या वेळी शंभरेक ताटं वाटून, लहानग्यांना रांगेत बसवून मोकळी होतात. म्हणजे शिस्त त्यांना येते. बसायला कसं सांगावं, कुणाला थांबवावं, कुणाचं ताट राहिलं हे सगळं त्यांना कळतं. तासाला काय वेगळं होतं? जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे काम असतं आणि ते त्यांच्यावाचून अडतं. तासाला त्यांच्यावाचून काहीच अडत नाही. टीचर आपल्याला विचारणार नाहीत, विचारलं तरी उत्तराची वाट बघणार नाहीत, हे त्या चौघांना पक्कं ठाऊक आहे. तुमच्या आधीच्या बाईंकडे वर्षभर त्यांनी तेच पाहिलंय. चाळीस मिनिटं नुसतं बसून राहायचं म्हटलं तर मोठी माणसंसुद्धा चुळबुळ करतात. ग्रामपंचायतीच्या सभेत मागे बसलेल्यांकडे एकदा बघा.

तेव्हा आधी वर्ग की आधी अपेक्षा, हा प्रश्न मला पटत नाही. दोन्ही एकच काम आहे.

बी.एड.ला तुम्ही जे ऐकलं त्याच्या मागे एक प्रयोग आहे. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन या दोघांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं सांगितली: ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती, साधारण पाचांत एक. वर्षाअखेरीस पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पहिली-दुसरीतली ती मुलं बाकीच्यांपेक्षा बरीच पुढे गेलेली दिसली. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. एवढंच सांगून थांबतात ही गंमत. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नव्हता, आणि त्या चाचणीवर नि आकडेमोडीवर जाणकारांनी लगेच सडकून टीका केली होती, हे कुणी सांगत नाही. पुढे बरंच काम झालं. त्यातून दिसतं ते असं की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण एरवी तो थोडाच असतो. ज्या मुलांना आधीच सगळ्यांनी खालचं ठरवलंय त्यांच्या बाबतीत तो जास्त असतो.

१९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यात आढळलं की शिक्षकांना मुलांची ओळख होऊन दोन आठवडेही झाले नसतील तरच बाहेरून सांगितलेली गोष्ट चिकटते. ओळख जुनी असली तर कुणी काहीही सांगो, शिक्षक स्वतः जे पाहतात त्यावरच चालतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, दोन कारणांनी. एक म्हणजे तुमच्या हातात तो सात नावांचा कागद पडला तो नेमका पहिल्या दिवशी, जेव्हा तो चिकटायची भीती सगळ्यात जास्त. दुसरं, आता दोन महिने झाल्यावर तुम्ही मनाशी कितीही घोकलंत की "सगळी मुलं हुशार आहेत, सगळी मुलं हुशार आहेत", तरी त्याचा उपयोग नाही. तुमचे डोळे तुम्हाला रोज वेगळंच दाखवणार. म्हणून खोटं "तू हुशार आहेस" मुळीच म्हणू नका. पोरांना ते आधी कळतं. ज्याला वजाबाकी येत नाही त्याला स्वतःलाही माहीत असतं की येत नाही, आणि तरीही टीचर हुशार म्हणतात म्हणजे टीचरांना एक तर काही कळत नाही किंवा त्या आपली समजूत काढतायत, असाच हिशोब तो करतो.

अपेक्षा तोंडाने सांगून पोचत नाही. ती पोचते तुम्ही कुणाला विचारता, विचारून किती थांबता आणि चुकल्यावर काय करता यातून. जेरे ब्रोफी आणि थॉमस गुड यांनी १९७० मध्ये पहिलीच्या वर्गांत बसून हेच टिपलं होतं. शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांचं उत्तर अडलं की प्रश्न पुन्हा सांगत, सोपा करून विचारत. ज्यांना कच्चं समजत त्यांचं अडलं की पुढच्याकडे वळत. कच्च्याचं उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी कमीच. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. उलट बऱ्याच शिक्षकांना वाटत असतं, पोराला सगळ्यांसमोर लाजवायला नको म्हणून आपण सोडून दिलं. पोराला मात्र एवढंच दिसतं की आपल्याला सोडून दिलं.

थांबण्याचं तर फारच मनावर घ्या. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. एक सेकंद! त्यातही हुशार समजलेल्यांसाठी जरा जास्त आणि कच्च्यांसाठी कमी. याच शिक्षकांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावली तेव्हा उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे शिक्षकांना दटावण्याची पाळीही कमी वेळा आली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गापुढे उभं राहून गप्प काढायचे म्हटले की जीव जातो. पहिल्या बाकावरची हात वर करून "टीचर मी, टीचर मी" करत असतात आणि आपल्याला वाटतं वेळ चाललाय. मनातल्या मनात "एक खानापूर, दोन खानापूर, तीन खानापूर" म्हणा आणि तोवर तोंड उघडू नका. हात वर करायची पद्धत काही दिवस बंदच ठेवा. ३४ नावांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात टाका. प्रश्न आधी विचारायचा, थांबायचं, मग चिठ्ठी काढायची. चिठ्ठी आधी काढली तर बाकीचे ३३ जण सुटले म्हणून समजा.

"समजलं का?" हे मात्र सोडाच. त्यावर "होऽऽ टीचर" असा जो एकसुरी गजर होतो त्यात कुणाला समजलं नि कुणी नुसता सूर लावला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी सगळ्यांना पाट्या द्या. सहावीत पाटी कसली, म्हणून कुणी हसेल तर हसू दे. गणित सांगायचं, सगळ्यांनी लिहायचं, "दाखवा" म्हटलं की एकदम पाट्या वर. अर्ध्या मिनिटात ३४ उत्तरं तुमच्या डोळ्यांपुढे, आणि मागच्या बाकाची पाटीही तितकीच वर.

आता तुमचं ५२ वजा २७. तो मुलगा उत्तर काय लिहितो हे तुम्ही कळवलं नाहीत, पण मी पैज लावते की ३५ लिहीत असणार. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे त्याला वजाबाकी येते, फक्त त्याने स्वतःचा नियम केलाय: मोठ्यातून लहान काढायचा, वर असो की खाली. त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलंय की लहानातून मोठा जात नाही, आणि त्याने ते प्रामाणिकपणे पाळलं. चार वर्षं वहीवर लाल फुली खाल्ली, पण "हे पाच कुठून आले रे?" असं विचारलं नसावं कुणी.

विचारा. सगळ्यांसमोर नको, फेरी मारताना त्याच्या बाकाशी वाकून, हळू आवाजात. तो सांगेल. मग म्हणा, "बरं, तुझ्याकडे दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये सुट्टे आहेत. दुकानात २७ द्यायचे. दे मला." दोन नोटा देईल. सात सुट्टे द्यायचे, हातात दोनच. "आता?" तोच म्हणेल, "टीचर, नोट मोडायला लागंल की." हे ज्या क्षणी त्याच्या तोंडून येईल तो क्षण वाया घालवू नका, तिथल्या तिथं पाटीवर ५२ लिहून पाचाचे चार करायला लावा. शनिवारी नंदगड नाहीतर जांबोटीच्या दुकानातून सामान आणणारं पोर आहे ते, नोट मोडणं त्याला शिकवावं लागत नाही. फक्त बाजारातला तो व्यवहार आणि वहीतला हातचा एकच आहे हे कुणी दाखवलेलं नाही.

माझ्या मते अपेक्षा म्हणजे एवढंच. चुकीच्या उत्तराच्या मागे काहीतरी विचार आहे असं धरून चालायचं आणि तो शोधायचा. तो सापडला की कौतुकही खरं करता येतं. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "काल तू नोट मोडायला विसरला होतास, आज तीन गणितांत मोडलीस" हे म्हणा. यात खोटं काही नाही आणि त्याला ते नाकारताही येत नाही.

पण सहावीचं पुस्तक तर पूर्ण करायचंय ना? हो, आणि त्याचं सोंग मी आणणार नाही. अपूर्णांक, दशांश हे सगळं आ वासून उभं आहे. तरीही ज्याला वजाबाकीत अडतं त्याच्यापुढे दशांश ठेवणं म्हणजे उंच अपेक्षा नव्हे. रोज १५ मिनिटं बाजूला काढा, त्या वेळात ज्याचं जिथं अडतं तिथलंच काम. वर्गातली पक्की मुलं त्या वेळात दोघा-दोघांना घेऊन बसू शकतात. कर्नाटकात सरकारी शाळांच्या पहिली ते तिसरीला नली-कली आहे, म्हणजे कार्डांवरून शिकायची पद्धत, ते तुम्ही पाहिलं असेलच. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालं, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांकडून शिकून, आणि पुढे राज्यभर गेलं. त्यात पोर आपल्या पायरीवर असतं, कार्ड संपलं की पुढचं कार्ड घेतं, शेजारचा कुठवर गेला याच्याशी देणंघेणं नाही. नली-कलीबद्दल शिक्षकांच्या तक्रारी आहेत, कार्डं हरवतात, नोंदींचं काम फार, सगळं खरं. पण चौथीला गेल्यावर एका दिवसात तीच पोरं रांगेत, फळ्याकडे तोंड करून, सगळ्यांना एकच पान, हा जो झटका बसतो त्यात तुमच्या यादीतले निम्मे तरी गळाले असणार. गणिताच्या त्या १५ मिनिटांपुरती पायरीची पद्धत परत आणा. नवीन काही शोधायचं नाही, खालच्या वर्गाच्या टीचरांकडून चार कार्डं मागून घ्यायची.

गोंगाटाचं बोलू. जेकब कुनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून एक गोष्ट शोधायचा प्रयत्न केला: दंगा झाल्यावर चांगले शिक्षक नेमकं कसं रागावतात? १९७० मध्ये त्याने निष्कर्ष मांडले ते त्याच्याच अंदाजाला धक्का देणारे होते. रागावण्याच्या पद्धतीत शांत वर्ग आणि गोंधळी वर्ग यांत काही फरकच सापडला नाही. फरक होता तो दंगा व्हायच्या आधी. ज्यांचे वर्ग शांत असत त्यांची नजर सगळीकडे असे, एकाची वही तपासतानाही दुसरीकडे काय चाललंय ते कळे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये रिकामी जागा राहत नसे. आपल्याकडचा दंगा कधी होतो ते तपासा. माझी खात्री आहे, धडा रंगात असताना होत नाही. वह्या वाटताना होतो, फळा पुसताना होतो, जेवून परत येताना होतो.

जेवणानंतरच्या तासाला तुम्ही वर्गात शिराल तेव्हा फळ्यावर काम लिहिलेलं असू दे. चार ओळी उतरवायच्या, दोन गणितं, काहीही, पण पोरं बसली की हात चालू झाला पाहिजे. सुरुवातीला आठवडाभर तुम्हाला जेवण घाईनं उरकावं लागेल, त्याला इलाज नाही. वह्या तुम्ही वाटू नका, त्या चौघांना द्या. ताटं वाटतात तशा वाटतील, आणि कुणाची वही आली नाही हेही तेच सांगतील. त्यांना ते काम शिक्षा किंवा लाच म्हणून देऊ नका. "दंगा केलास तर वह्या वाटायला देणार नाही" हे एकदा जरी म्हटलंत तरी सगळं मुसळ केरात.

पत्र्यावर पाऊस धरला की बोलणं थांबवा. खानापूरकडचा पाऊस, त्यात कणकुंबी-जांबोटीचा पट्टा असेल तर बोलायलाच नको, त्याच्याशी आवाजाची स्पर्धा करून आजवर कुठला शिक्षक जिंकलाय? पावसाची वही म्हणून एक वेगळी वही ठेवायला सांगा. सर आली की तुम्ही हात वर करायचा, सगळ्यांनी ती वही काढायची: वाचन, शुद्धलेखन, नकाशा भरणं, जे न बोलता होतं ते. तुम्ही तेवढ्या वेळात फिरायचं, वाकून एकेकाशी बोलायचं. तुमचा घसाही वाचेल आणि मागच्या बाकापर्यंत तुमची फेरीही होईल. इतक्या दिवसांत तुम्ही त्या बाकापाशी जाऊन किती वेळा उभ्या राहिलात, हे मात्र स्वतःला विचारा. टेबल आणि फळा यांच्यामध्ये तीन फरशा असतात, बरेच शिक्षक निवृत्त होईपर्यंत त्यावरच असतात.

वर्गात मॉनिटर आहे का, आणि तुम्ही बाहेर गेलात की तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो का? असेल तर आजच बंद करा. त्या फळ्यावर कुणाची नावं येतात हे मी इथे बेळगावात बसून सांगू शकते. तुमच्या कागदावरची सात, वजा ती मुकी मुलगी, अधिक मॉनिटरचा ज्याच्याशी वाकडा तो एक.

त्या मुलीकडे आता येते, आणि तिला कृपा करून त्या सातांतून आधी बाहेर काढा. तिचा प्रश्न वेगळा आहे. घरी कन्नड, शाळा मराठी. गावात चालत जाण्याजोगी हीच शाळा असेल. आपल्या भागात असं सर्रास असतं आणि उलटही असतं, कन्नड शाळेत बसलेली मराठी घरची पोरं काही कमी नाहीत. दुसऱ्या भाषेत शिकणारं मूल ऐकून समजायला आधी लागतं, बोलायला खूप नंतर. तिला कळत किती असेल याचा अंदाज तिच्या गप्प राहण्यावरून करता येत नाही. एक सोपी गोष्ट करा: कन्नडचा तास जे घेतात त्या सरांना विचारा, ती तिथं कशी आहे? कन्नडच्या तासाला ती बोलत असेल, कदाचित बाकीच्या ३३ जणांपेक्षा चांगली असेल, तर तुमचं निम्मं कोडं सुटलं. तिथंही गप्पच असेल तर मग ऐकायला कमी येतं का, घरी काही आहे का, हे बघावं लागेल. कान तपासून घेणं आधी, बाकी सगळं नंतर.

वर्गात तिला एकदम उभं करून मराठीत बोलायला लावू नका. पाटीवर तीही लिहिते ना? तिथून सुरू करा. मग शेजारणीला उत्तर सांगायचं, शेजारणीनं वर्गाला सांगायचं. ती कन्नडमध्ये सांगू लागली तर सांगू दे. तुम्हाला कन्नड येत असेलच, नसेल तर वर्गातली चार पोरं सांगतील ती काय म्हणाली ते. समाज विज्ञानात कित्तूरच्या चन्नम्मांचा आणि संगोळी रायण्णांचा भाग येईल तेव्हा तिच्या घरी तिनं आजीकडून काय ऐकलंय ते विचारा, कन्नडमध्येच. रायण्णांना फाशी दिली ती तुमच्याच तालुक्यात, नंदगडला. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे ते मूल तिच्यासारखंच कुणी असेल. आणि हसणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा. बाकी कशालाही ओरडला नाहीत तरी चालेल, एकमेकांच्या बोलीला हसणं मात्र पहिल्या वेळेलाच बंद पडलं पाहिजे. हे कन्नडपुरतं नाही. गवळीवाड्यावरच्या पोराची मराठी वेगळी, घाटाकडच्या पोराच्या बोलण्यात कोकणी, बेळगावाजवळचा "करूलाय, जाऊलाय" म्हणणार. या सगळ्यांना आपण पुस्तकी मराठीच्या मापानं मोजतो आणि निम्म्यांना कच्चं ठरवून मोकळे होतो.

त्या कागदाचं काय करायचं? फाडू नका, बाईंवर रागावूही नका. त्यांनी कदाचित दोन वर्ग एकत्र सांभाळले असतील, वर जनगणनेची, निवडणुकीची कामं केली असतील आणि ज्यांच्यापर्यंत पोचणं जमलं नाही त्यांची नावं तेवढी लक्षात राहिली असतील. त्या सात नावांपुढे तुम्ही आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकेक गोष्ट लिहा. ताटं वाटतो. ३५ लिहितो, हातचा नाही. कन्नड घरी. वडील गोव्याला कामाला, सोमवारी उशिरा येतो. महिनाभरानं तुम्हाला सात "कच्ची" मुलं दिसणार नाहीत, सात वेगवेगळी कामं दिसतील. काही कामं अवघड असतील. एखादं तुमच्या वर्षभरात होणारही नाही. अतिथी शिक्षिकेला एकच वर्ष मिळतं, त्यात सगळं होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

स्टाफरूममधल्या हसण्याला उत्तर देऊ नका. वाद घातलात तर गणपतीपर्यंत सगळे तुमचा वर्ग कधी बिघडतो याचीच वाट बघतील. त्यातल्या त्यात जे सर किंवा बाई हसत नाहीत त्यांना एक दिवस ऑफ तासाला तुमच्या वर्गात मागे बसवा. वर्गाचा नकाशा काढून द्या, ३४ चौकोन. तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात एक रेघ मारायची, एवढंच काम. तास संपल्यावर तो कागद बघा. कुठले चौकोन कोरे राहिले ते कळल्यावर उद्याच्या तासाची तयारी अर्धी झाली.

छडीबद्दल तुमचं ठरलंय ते योग्यच आहे, आणि ते तुमच्या मऊ स्वभावावर सोडलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचं १७ वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला, दोन्हीला बंदी करतं. म्हणजे "ढ" म्हणून हिणवणं, वर्गासमोर उठाबशा काढायला लावणं हेही त्यातच येतं. पालकांनी परवानगी दिली म्हणून ते चालत नाही.

पण "दोन ठेवून द्या" म्हणणाऱ्या आईला कायद्याचं कलम ऐकवू नका. ती शेतावरचं काम सोडून शाळेपर्यंत आलीय ती पोराची काळजी आहे म्हणून, आणि शिक्षकाला मदत करायची तिला ठाऊक असलेली रीत ती एकच आहे. तिला दुसरी द्या. बसायला सांगा आणि आधी पोराचं एक चांगलं सांगा, खरं असलेलं: "जेवणाच्या वेळी लहान पोरांना कसं बसवतो ते बघायला या एकदा." ही गोष्ट शाळेतून तिनं बहुधा कधी ऐकलेली नसणार, शाळेतलं बोलावणं म्हणजे तक्रारच हे तिला पाठ आहे. मग एक काम सांगा, एकच, रोजचं, दोन मिनिटांचं. दुकानाला पाठवताना पैसे त्याच्या हातात द्या आणि परत किती आणायचे ते त्याला निघण्याआधी सांगायला लावा. तिला शाळा झालेली नसली तरी एवढं तिला येतं, हिशोबात ती तुम्हाला-मला ऐकायची नाही. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगा. तेव्हा पोराला शेजारी उभं करा आणि ५२ वजा २७ त्यालाच करून दाखवू दे, तिच्यासमोर, पाटीवर.

तुमची ताई